उन्हाळी म्हणून सोडून दिलेलं दुखणं

दहावीच्या भूमितीच्या पेपराला मला हुडहुडी भरली. मार्चचा महिना, जत तालुक्यातलं ऊन, वर्गावर पत्रा. उत्तरपत्रिका घामाने ओली होऊ नये म्हणून मुलं मनगटाखाली रुमाल घेऊन लिहीत होती, आणि मी पर्यवेक्षकाच्या खुर्चीत दातावर दात आपटत बसले होते. पदर दोनदा लपेटून घेतला तरी थंडी आतून, हाडांतून येत होती. उजवीकडे पाठीत, शेवटच्या बरगडीखाली, पाटा बांधल्यासारखं जड दुखत होतं. लघवीला जायचं होतं. सकाळी आठला घर सोडल्यापासून गेले नव्हते, आणि पेपर सुटायला अजून चाळीस मिनिटं होती.

बसले. उठून केंद्रसंचालकांना सांगितलं असतं तर त्यांनी बदली माणूस दिला असता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण लघवीला जायचंय हे पुरुषांनी भरलेल्या ऑफिसात जाऊन सांगायचं, किल्ली मागायची, मैदान ओलांडून मागच्या बाजूला जायचं, तिथे पाणी नसलं तर बादली शोधायची. एकोणीस वर्षांच्या नोकरीत हे इतक्यांदा टाळलं होतं की टाळणं हीच सवय झाली होती. आमच्यातल्या बहुतेक बायका घरून निघताना अर्धा कप चहावर निघतात. प्यायलंच नाही तर जावं लागणार नाही, हा आमचा हिशोब. मला वाटायचं, हा हिशोब बिनचूक आहे.

आमच्याकडे लघवीच्या जळजळीला एकच शब्द आहे, उन्हाळी. उन्हाळी लागली म्हटलं की पुढचं सगळं ठरलेलं असतं. धणे-जिरे रात्री भिजत घालायचे, सकाळी कुस्करून गाळून प्यायचे. सब्जा, वाळ्याचं पाणी, ताक. दोन दिवस तिखट बंद. माझ्या सासूबाई, आत्ती, यात तरबेज आहेत आणि त्यांच्या धण्याच्या पाण्याने मला अनेकदा आराम पडला आहे, हेही खरं. पाणी पोटात जातं, लघवी पातळ होते, आग कमी होते. त्या शब्दात वाईट काही नाही. फक्त तो शब्द सगळ्यालाच लावला, की आत काय चाललंय ते बघायचं राहून जातं.

माझं असंच राहून गेलं. ऑक्टोबरात पहिल्यांदा त्रास झाला: दर पंधरा मिनिटांनी कळ, चार थेंब, आग. दोन दिवस धण्याचं पाणी झालं, तिसऱ्या दिवशी मेडिकलमधून गोळ्या आणल्या. चिठ्ठी नव्हती. दुकानदाराने विचारलंही नाही, लघवीची म्हटल्यावर ओळखीची पट्टी कापून दिली. पट्टीच्या मागे उभी लाल रेष होती. ती रेष म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये अशी खूण, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दोन दिवसांत बरं वाटलं. जानेवारीत पुन्हा तेच. या वेळी तपासणी केली, साधी, रुटीन. पू-पेशी वाढलेल्या निघाल्या. कल्चर (जंतू वाढवून त्याला कुठलं औषध लागू पडतं ते बघणारी तपासणी) करायचं का, असं कुणी म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. पाच दिवसांच्या गोळ्या होत्या, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून थांबले. उरलेल्या चार गोळ्या स्वयंपाकघरातल्या औषधांच्या डब्यात, अमृतांजनाच्या बाटलीशेजारी. मार्चमध्ये पुन्हा आग सुरू झाली तेव्हा त्याच चार काढून घेतल्या. माझ्या मते मी काटकसर केली होती.

त्या दिवशी घरी पोहोचेपर्यंत अंग तापलं होतं. कवठेमहांकाळला आमच्या घरापासून डॉक्टर पाच मिनिटांवर आहेत, पण मी आधी झोपले. आत्ती म्हणाल्या, "उनाळीच हाय, अंगावर गेलीया. शाळंत पानी पीत न्हाईस तू." रात्री नऊला उलटी झाली, मग पुन्हा. ताप १०३ च्या वर. यांनी गाडी काढली.

डॉक्टरांनी मला पाठमोरं बसवलं. डाव्या बाजूला पाठीत मुठीच्या कडेने हलकेच ठोकलं, काही नाही. उजव्या बाजूला तसंच ठोकलं आणि मी ओरडले. इतकं हलकं ठोकून इतकं दुखू शकतं यावर माझा विश्वास बसेना. त्यांनी ब्लडप्रेशर घेतलं, पट्टा सोडला, पुन्हा बांधून घेतलं. ८८ वर ५४. नाडी १२०च्या पुढे. ते यांच्याशी बोलले ते मला नीट ऐकू आलं: "ही लघवीच्या पिशवीची जळजळ राहिली नाही. जंतू वर किडनीत गेलेत, आणि बहुतेक रक्तात उतरलेत. मिरजेला न्या. आत्ता."

पुढे त्यांनी जे केलं त्याचं मोल मला तीन दिवसांनी कळलं. सलाईन लावलं, पण अँटिबायोटिकचं इंजेक्शन भरून ट्रेमध्ये ठेवलं आणि सिस्टरला म्हणाले, "आधी लघवी घ्या. मग हे." मला उभं राहवत नव्हतं. सिस्टरने धरून नेलं, साध्या पाण्याने धुवायला लावलं आणि समजावलं: सुरुवातीची लघवी जाऊ द्या, मधली या बाटलीत, बाटलीच्या आत बोट लावायचं नाही. सीलबंद बाटली होती, लाल झाकणाची. जेमतेम तळ झाकला जाईल एवढी गढूळ लघवी पडली. रक्ताच्याही बाटल्या भरल्या. मग इंजेक्शन. त्या अख्ख्या गडबडीत पाच मिनिटं गेली असतील. लघवी बाहेर तशीच राहिली तर जंतू तिच्यात वाढत राहतात आणि तपासणी फसते, म्हणून यांनी शेजारच्या रसवंतीतून बर्फ घेतला, पिशवीत बाटली ठेवली, आणि मिरजेपर्यंत ती पिशवी माझा पुतण्या मांडीवर धरून बसला होता.

मिरज म्हणजे आमच्या भागाचं दवाखान्यांचं गाव. सांगली, सोलापूर, पलीकडून कर्नाटकातली माणसं, सगळे दुखणं घेऊन मिरजेला येतात. रात्री साडेअकराला पोहोचलो. रक्तात पांढऱ्या पेशी २१ हजारांवर, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक, २.१. माझं आधीचं क्रिएटिनिन कधीही १ च्या वर गेलेलं नव्हतं. सोनोग्राफीत उजवी किडनी फुगलेली दिसली, म्हणून लगेच सीटी स्कॅन झाला. किडनीतून खाली उतरणाऱ्या नळीत, अगदी वरच्या भागात, ८ मिलिमीटरचा खडा अडकला होता.

खडा आहे हे मला ठाऊकच नव्हतं. खड्याच्या कळा लोक सांगतात तशा मला कधी आल्या नव्हत्या.

रात्री दीडला युरोलॉजिस्ट, म्हणजे किडनी-मूत्रमार्गाचे सर्जन, आले. एकावर एक सही घ्यायच्या कागदांपैकी एकाच्या पाठीमागे त्यांनी चित्र काढलं. दोन घेवड्याच्या बिया, त्यातून निघणाऱ्या दोन नळ्या, खाली पिशवी, पिशवीतून बाहेरची छोटी वाट. बाईमाणसात ही शेवटची वाट जेमतेम चार सेंटिमीटरची असते, म्हणून बायकांना हा त्रास जास्त. जंतू बाहेरचे कुठले परके नसतात. बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातला ई. कोलाय. तिथे तो असतोच, तिथे तो काही करत नाही. तो वाट चुकून पुढे येतो, वर चढतो, पिशवीच्या भिंतीला चिकटतो. लघवी वारंवार होत राहिली तर चिकटायच्या आत धुतला जातो. ती तुंबवून ठेवली तर त्याला वेळ मिळतो.

मग त्यांनी नळीत एक ठिपका काढून तो पेनाने दाबून काळा केला. "हा खडा. याच्या वर सगळा पू कोंडलाय. औषध कितीही भारी दिलं तरी कोंडलेल्या जागी ते नीट पोहोचत नाही. आणि आत दाब वाढला की जंतू किडनीतून उलटे रक्तात ढकलले जातात. म्हणून आज खडा काढायचा नाही. आज फक्त वाट मोकळी करायची."

हे वाक्य मी पुढे अनेकांना सांगितलं आहे. खडा आणि ताप एकत्र आले की ती घाई करायची वेळ असते. नुसता खडा असेल तर पाणी पिऊन वाट बघता येते, डॉक्टरही तसं सांगतात. पण खड्याबरोबर थंडी वाजून ताप आला, तर एक रात्रसुद्धा घरी काढायची नाही.

दोन वाजता मला आत नेलं. थोडी गुंगी दिली होती. लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून, खड्याच्या बाजूने वाट काढत, किडनीपासून पिशवीपर्यंत एक बारीक, लवचिक नळी बसवली. तिला डीजे स्टेंट म्हणतात. दोन्ही टोकांना ती शेपटीसारखी वळलेली असते, म्हणजे घसरत नाही. ती बसली नसती तर पाठीतून सुई घालून किडनीत बाहेरून नळी टाकावी लागली असती. बसली. सरांनी नंतर सांगितलं की तार खड्याच्या वर गेली त्या क्षणी पू बाहेर आला, दह्याच्या निवळीसारखा आधी, मग घट्ट.

अतिदक्षता विभागातल्या पहिल्या रात्रीचं मला एकच नीट आठवतं, ती म्हणजे पलंगाच्या कडेला लटकवलेली लघवीची पिशवी. तिच्यावर मिलिलिटरच्या रेषा होत्या. दर तासाला सिस्टर वाकून बघायच्या, टॉर्च मारायच्या आणि तक्त्यावर आकडा लिहायच्या. पहिल्या तासाला १५. दुसऱ्याला २०. माझ्या वजनाला तासाला निदान ३० तरी हवी होती, असं त्या आपसात बोलत होत्या. ब्लडप्रेशर टिकवायला मानेतल्या नळीतून औषध चालू होतं. पहाटे पाचच्या सुमारास सिस्टर वाकल्या आणि म्हणाल्या, "पंचेचाळीस." त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. आयुष्यभर जी गोष्ट मी लपवत आले, दाबत आले, तिच्या पंचेचाळीस मिलिलिटरसाठी एक अनोळखी मुलगी रात्रभर जागली होती. मला रडू आलं.

तिसऱ्या दिवशी ती पिशवी काढली. अजून अशक्त होते, पलंगावरून न उतरता काम भागत होतं, म्हणून म्हटलं राहू दे. सिस्टर म्हणाल्या, नाही ताई, गरज संपली की ही नळी एक दिवससुद्धा ठेवत नाही, हिच्यावरूनच नवे जंतू वर चढतात. घरात कुणा म्हाताऱ्या माणसाला अशी नळी असेल तर एवढं लक्षात ठेवावं: पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको, आणि प्रत्येक भेटीत डॉक्टरांना विचारायचं, ही अजून हवी आहे का?

त्याच तिसऱ्या दिवशी कल्चरचा रिपोर्ट आला. लाल झाकणाच्या बाटलीचा. एका मिलिलिटरमध्ये एक लाखाहून जास्त ई. कोलाय, आणि खाली औषधांची लांबलचक यादी, प्रत्येकापुढे एक अक्षर. ‘एस’ म्हणजे लागू पडतं, ‘आर’ म्हणजे पडत नाही. मी वरून खाली बोट फिरवत गेले. आर, आर, आर. मी ऑक्टोबरात घेतलेली गोळी: आर. जानेवारीत घेतलेली: आर. पहिल्या रात्री दिलेलं इंजेक्शन, ते दवाखान्यातलं भारी इंजेक्शन, तेसुद्धा आर. मिरजेत आल्याआल्या डॉक्टरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, गेल्या सहा महिन्यांत कुठल्या अँटिबायोटिक घेतल्या? मी गोळ्यांची नावं सांगितली होती, चार उरलेल्याही सांगितल्या होत्या. त्यावरूनच त्यांनी अंदाज बांधून पहाटेच मेरोपेनेम हे दुसरं अँटिबायोटिक सुरू केलं होतं. रिपोर्टने तो अंदाज खरा ठरवला.

हा ईएसबीएल तयार करणारा जंतू. ईएसबीएल हे असं एक विकर (एन्झाइम) आहे की ते नेहमीच्या अनेक अँटिबायोटिकचे रेणूच तोडून टाकतं. आपण उठसूट गोळ्या घेतो तेव्हा आतड्यातले साधे जंतू मरतात आणि हे चिवट तेवढे उरतात, फोफावतात. माझ्या पोटात तो नेमका कधी आला हे कुणी सांगू शकणार नाही. पण त्याच्यासाठी शेत नांगरून मीच ठेवलं होतं.

यादीत एक स्वस्त गोळी ‘एस’ होती, नायट्रोफ्युरँटॉइन. यांनी ते बरोबर हेरलं आणि विचारलं, मग ही का नाही देत? दिवसातून तीनदा शिरेतून कशाला? डॉक्टर न चिडता म्हणाले, "ती गोळी लघवीत उतरते, पिशवीतल्या जळजळीला उत्तम आहे. पण किडनीच्या मांसात आणि रक्तात ती पुरेशी पोहोचत नाही. हिचं दुखणं वरच्या मजल्यावर आहे." कागदावर ‘एस’ असलेलं प्रत्येक औषध आपल्या दुखण्याला चालतंच असं नाही. दुसरं एक, ॲमिकासिन, तेही ‘एस’ होतं. ते किडनीलाच त्रास देऊ शकतं, आणि माझी किडनी आधीच दमलेली, म्हणून ते बाजूला ठेवलं. रिपोर्ट हातात घेऊन थेट मेडिकलमध्ये जाणाऱ्या लोकांना माझं हे हात जोडून सांगणं आहे.

सहाव्या दिवशी घरी आले. क्रिएटिनिन १.२. पुढचं औषध एर्टापेनेम, दिवसातून एकदाच लागणारं, ते आमच्या गावातल्याच डॉक्टरांकडे रोज अर्धा तास सलाईनमधून. सगळे मिळून चौदा दिवस. पाचव्या-सहाव्या दिवशीच ताप गेला होता, भूक लागत होती, शेजारणी म्हणत होत्या आता कशाला रोज सुया. एकही दिवस चुकवला नाही.

स्टेंटचा महिना मात्र कठीण गेला, आणि त्याबद्दल कुणी आधी नीट सांगत नाही म्हणून लिहिते. आत नळी असल्याने सारखं वाटतं लघवीला झाली. लघवी करताना पाठीत कळ चढते. जरा जास्त चाललं की लघवी लालसर होते. पहिल्यांदा ते बघून मी घाबरून फोन केला. लालसर चालेल, पाणी वाढवा, पण थंडी-ताप आला तर तासाभरात या, असं उत्तर मिळालं. किडनीखालची नळी सैल ठेवणारी एक गोळी रात्री असायची, तिने बरंच सुसह्य झालं. आणि दवाखान्याच्या कार्डावर स्टेंट काढायची तारीख लाल शाईने लिहिली होती. दुखायचं थांबलं म्हणून स्टेंट आत विसरून जाणारी माणसं असतात. महिनोन्महिने राहिला की त्याच्यावरच खडे धरतात. आमच्या कॅलेंडरवर त्या तारखेला यांनी गोल केला होता, गॅसच्या नोंदीच्या शेजारी.

पाच आठवड्यांनी पुन्हा कल्चर केलं, जंतू नाहीत असं आलं, मगच लेझरने खडा फोडला. आठवड्याने स्टेंट निघाला. खड्याचे तुकडे तपासायला दिले होते, कॅल्शियम ऑक्झलेट निघाला. मी घरी येताच टोमॅटो, पालक, दूध सगळं बंद करायच्या तयारीत होते. सर म्हणाले दूध अजिबात बंद करू नका, नेहमीइतकं घ्या. मीठ कमी करा: पापड, लोणचं, चटणीवरचं वरून मीठ. आणि दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी. किती प्यायलं ते मोजू नका, किती झाली ते बघा. रंग ताकाच्या निवळीसारखा फिका दिसला पाहिजे.

माझ्यासाठी सगळ्यात नवी गोष्ट स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी सांगितली. मी एक्कावन्न वर्षांची, पाळी जाऊन दोन वर्षं झालेली. त्यांनी विचारलं, हा त्रास पाळी गेल्यावरच वाढला ना? तोवर मी तसा विचारच केला नव्हता. पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं, योनीमार्गाचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं, तिथले राखण करणारे चांगले जीवाणू कमी होतात, आणि ई. कोलायला जागा मिळते. त्यावर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम असतं. पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. ज्यांना स्तनाचा कर्करोग झालेला आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, हेही त्यांनी सांगितलं. ते क्रीम आणायला मला तीन आठवडे लागले. लाज वाटत होती. आता माझ्या तीन मैत्रिणींना मीच त्यांच्याकडे पाठवलं आहे. चाळिशी-पन्नाशीच्या बायकांमध्ये गुडघ्यांवर तासभर बोलणं होतं, यावर कुणी बोलत नाही, आणि त्यातली निम्मी दुखणी टळण्यासारखी असतात असं मला मनापासून वाटतं.

बाकी काळजी साधी आहे. शौचानंतर पुढून मागे धुणं. संबंधांनंतर लघवीला जाणं. बद्धकोष्ठ होऊ न देणं. तिथे सुवासिक साबण न वापरणं. घाईघाईत अर्धवट न उठता थोडं थांबून पुन्हा एकदा करणं. जेवढं रोज पाणी प्यायचात त्याहून दीड लिटर वाढवलं, तर पाळी सुरू असलेल्या, कमी पाणी पिणाऱ्या आणि पुन्हापुन्हा हा त्रास होणाऱ्या बायकांमध्ये तो निम्म्याच्या आसपास येतो, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं आहे. पाण्याला चिठ्ठी लागत नाही.

सप्टेंबरात एक प्रसंग घडला. नेहमीच्या तपासणीत लघवीत पुन्हा ई. कोलाय निघाला. एक लाखाच्या वर. माझे हातपाय गार पडले. रिपोर्ट घेऊन मिरजेला धावले. सरांनी विचारलं, जळजळ? नाही. ताप? नाही. पाठीत दुखतं? नाही. "मग घरी जा. औषध नाही." मला पटेना, मी वाद घातला. ते म्हणाले, त्रास नसताना लघवीत जंतू सापडणं हे दुखणं नव्हे, विशेषतः वय झालेल्या बायकांत ते सर्रास सापडतात. त्यांच्यावर औषध मारलं तर पुढच्या खऱ्या दुखण्याला औषध उरणार नाही. गरोदर बाई असती तर दिलं असतं, लघवीच्या वाटेचं ऑपरेशन करायचं असतं तर दिलं असतं. तुम्हाला नाही. बिनचिठ्ठीच्या गोळ्या घेणारी मी, त्या दिवशी चिठ्ठीसाठी भांडत होते आणि डॉक्टर देत नव्हते. घरी येऊन आठवडाभर रोज ताप मोजला. काही झालं नाही.

शाळेत जून महिन्यात रुजू झाले तेव्हा पहिल्या दिवशी मी मुख्याध्यापकांसमोर बसले आणि सगळं सांगितलं. नळी, पू, लघवीची पिशवी, सगळं, त्याच शब्दांत. ते खाली बघत होते. मी थांबले नाही. किल्ली ऑफिसात नको, स्टाफरूमच्या दाराशी खिळ्याला. टाकी वरून भरली गेली पाहिजे. मुलींच्या बाजूचं कुलूप शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत उघडं. ते सज्जन आहेत, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. केरळात २०१९ पासून काही शाळांत पाणी पिण्याची वेगळी घंटा होते, तेही मी सांगितलं. आमच्याकडे आता दुसऱ्या तासानंतर होते. पण घंटा सोपी, ती महिन्यात सुरू झाली. नळाला पाणी यायला दिवाळी उजाडली. तोपर्यंत मुली घंटेला बाटली तोंडाला लावायच्या आणि एक घोट घेऊन झाकण लावायच्या. त्यांचा हिशोब मला न विचारता कळत होता. पाणी आल्यावर आठवीतली एक मुलगी चौथ्या तासाला हात वर करून मोठ्याने म्हणाली, "बाई, लघवीला जाऊ?" वर्गातली मुलं हसली. मी म्हटलं जा, आणि फळ्याकडे वळले, कारण डोळे भरून आले होते.

मागच्या महिन्यात आत्ती दोन दिवस गप्प होत्या. जेवण कमी, एकदा माझ्या नणंदेच्या नावाने मला हाक मारली. मग सकाळी न्हाणीतून आल्या आणि म्हणाल्या, "उनाळी लागलीया गं. धनं भिजत घाल."

मी कपाळाला हात लावला. अंग किंचित गरम होतं. कपाटातून लाल झाकणाची बाटली काढली. अशा दोन सीलबंद बाटल्या आता आमच्या घरात कायम असतात.

"आता ह्यात?" आत्तींनी बाटली उलटीपालटी करून बघितली. "आनि धन्याचं पानी?"

"तेही घालते, आत्ती. आधी हे." मी त्यांना दंडाला धरून न्हाणीकडे वळवलं, आणि यांना हाक मारून सांगितलं, गाडी काढून ठेवा.